पात्र ठरलात, पण प्रवेशाचे काय?

नीटचा निकाल लागला की धार आणि देवासच्या घराघरांत एकच विचारणा सुरू होते. एमबीबीएसला गुण पुरत नाहीत, मग एवढ्या गुणांत आयुर्वेदाचे बीएएमएस मिळेल का? विचारणारी मुले सतरा-अठरा वर्षांची असतात. त्यांचे आईबाप पिथमपूरच्या कारखान्यांत, देवासच्या बाजारपेठेत किंवा कुक्षी-मनावरकडच्या शेतांत राबत असतात. या प्रश्नाचे भरवशाचे आणि सहज कळेल असे उत्तर शासनाकडून त्यांना मिळत नाही. ते मिळते इंदुरातल्या भंवरकुआँच्या शिकवण्यांकडून, एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवरून आणि 'सीट आम्ही काढून देतो' असे सांगणाऱ्या एजंटांकडून. आयुर्वेदाच्या प्रवेशप्रक्रियेतला सगळ्यात मोठा दोष आमच्या मते हाच आहे. परीक्षा सरकार घेते, जागा सरकार वाटते, आणि मुलाला त्याची शक्यता मात्र बाजारातून विकत घ्यावी लागते.

पहिली गल्लत होते ती पात्रता आणि प्रवेश यांत. नीट ७२० गुणांची. खुल्या प्रवर्गाला पात्र ठरण्यासाठी ५०वे पर्सेंटाइल लागते. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाला ४०वे. म्हणजे रेषा गुणांवर नाही, त्या वर्षी परीक्षेला बसलेल्या सगळ्यांच्या कामगिरीवर ठरते आणि दरवर्षी सरकते. खुल्या प्रवर्गासाठी ती २०२३ मध्ये १३७ गुणांवर होती, २०२४ मध्ये १६२ वर गेली आणि २०२५ मध्ये पेपर अवघड निघाल्यावर १४४ वर उतरली. २०२४ मध्ये १६० गुण मिळवलेला मुलगा अपात्र ठरला आणि पुढच्या वर्षी १४५ वाला पात्र. अशा स्थितीत 'मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला इतक्या गुणांत इंदूर मिळाले' या माहितीचा उपयोग काय? बघायचा असतो तो गुणानुक्रम: राज्याच्या यादीत आपण कितवे, आपल्या प्रवर्गात कितवे, आणि आपल्यासारख्यांना गेल्या वर्षी कोणत्या फेरीत कोणते महाविद्यालय मिळाले. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली आणि १२ लाख ३६ हजारांच्या आसपास पात्र ठरली. पात्रतेचा कागद हाती आला म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळाली, इतकेच.

ती रांग माळव्यातल्या मुलासाठी कुठे जाते? सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची आयुष समुपदेशन समिती भरते. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. मध्य प्रदेशात वर्षानुवर्षे चालत आलेली सरकारी आयुर्वेद महाविद्यालये सात आहेत: भोपाळ, इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, जबलपूर, रीवा आणि बऱ्हाणपूर. त्यांत धार नाही, देवास नाही. २०११ च्या जनगणनेत धार जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाख ८५ हजार आणि देवासची १५ लाख ६३ हजार होती. या सगळ्यांचे जवळचे सरकारी महाविद्यालय म्हणजे इंदुरातले लोकमान्य नगरचे अष्टांग आयुर्वेद किंवा उज्जैनचे धन्वंतरी. देवासहून दोन्ही गावे तासाभराच्या अंतरावर आहेत. डही किंवा गंधवानीच्या मुलासाठी इंदूर म्हणजे वसतिगृह, खानावळ आणि घरापासून तुटणे. ज्या भोजराजाच्या नावावर आयुर्वेदाचे ग्रंथ सांगितले जातात, त्याच्या धारनगरीतून वैद्य व्हायला निघालेल्या मुलाची वाट अशी लांबची आहे.

इथल्या मराठी कुटुंबांत आणखी एक समजूत घट्ट आहे, आणि ती दरवर्षी कुणाची तरी निराशा करते. पुण्याला मामा आहेत, नागपूरला आत्या आहे, तेव्हा महाराष्ट्रात सोय होईल. होत नाही. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी तिथला अधिवास लागतो आणि शाळाही तिथली लागते. पवार राजांच्या काळापासून माळव्यात राहिलेल्या घराण्याची मातृभाषा मराठी आहे याला प्रवेशाच्या नियमात स्थान नाही. मुंबईचे पोदार किंवा नागपूरचे शासकीय महाविद्यालय हवे असेल तर दार अखिल भारतीय कोट्याचेच, आणि तिथली चुरस देशभराची. हे बारावीनंतर कळण्यापेक्षा दहावीत कळले तर निर्णय वेगळे होतील.

सरकारी जागा हुकली की खासगी महाविद्यालय. इथेच एजंटांचा धंदा चालतो, कारण फेऱ्यांचे गणित पालकांना उमगत नाही. आयुषच्या फेऱ्या एमबीबीएसच्या मागे रेंगाळतात. आयुर्वेदाची जागा धरून ठेवलेली मुले एमबीबीएस किंवा दंतवैद्यक मिळाले की ती सोडतात, आणि पुढच्या फेऱ्यांत क्रम बराच खाली येतो. पहिल्या फेरीत नाव नसले म्हणजे सगळे संपले, असे घाबरलेल्या बापाला सांगून आगाऊ रक्कम उकळणे त्यामुळे सोपे जाते. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याची प्रवेश व शुल्क विनियामक समिती ठरवते, प्रवेश गुणवत्तेनुसार फेऱ्यांतूनच होतो, 'मॅनेजमेंटशी बोलणी' हा मार्ग नाही: ही तीन वाक्ये प्रत्येक कियोस्कच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली तर कित्येक घरांचे दागिने वाचतील.

जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रतेची रेषा खाली आणा, अशी मागणी संस्थाचालक करतात, आणि काही वर्षी ती शिथिल झालीही. आमचा या उपायाला विरोध आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुष अभ्यासक्रमांसाठी नीटची किमान पात्रता कायम ठेवताना जे म्हटले, त्याचा आशय असा की आयुर्वेदाचे वैद्यही रुग्णांवर उपचार करतात आणि दर्जा ढिला झाला तर अर्धवट शिकलेले वैद्य बाहेर पडतील. ते खरे आहे. जागा रिकामी राहते तेव्हा दोष मुलांच्या गुणांतच शोधायचा का? शुल्क झेपत नाही, रुग्णालयात रुग्ण नाहीत, शिक्षक कागदावरच आहेत, या तक्रारी जुन्या आहेत. २०१६ च्या मानकांत साठ जागांच्या महाविद्यालयाला साठ खाटा आणि दिवसाला सरासरी १२० बाह्यरुग्ण अपेक्षित होते. पालकांनी जागा स्वीकारण्यापूर्वी एखाद्या मंगळवारी सकाळी न सांगता तिथल्या ओपीडीत जाऊन बसावे. साडेपाच वर्षांचे शिक्षण कसे होणार, याचा अंदाज माहितीपुस्तिकेपेक्षा त्या तासाभरात चांगला येईल.

मध्य प्रदेशातल्या पालकांचा परीक्षांवरचा विश्वास आधीच जखमी आहे, हेही विसरता येत नाही. २०१३ मध्ये इंदुरात पीएमटी या राज्याच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे तोतया परीक्षार्थी पकडले गेले आणि व्यापम घोटाळा उघडा पडला; २०१५ मध्ये तपास सीबीआयकडे गेला; २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०१२ दरम्यानचे ६३४ प्रवेश रद्द ठरवले. नीटने हे सारे मागे पडेल असे वाटले, तर २०२४ मध्ये पाटणा-हजारीबागची पेपरफुटी झाली. ४ मे २०२५ ला वादळात इंदूर आणि उज्जैनच्या काही केंद्रांवर वीज गेली. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातील एका न्यायमूर्तींनी बाधित याचिकाकर्त्यांची परीक्षा पुन्हा घ्या असे सांगितले, पण जुलैमध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश रद्द केला. अंधुक उजेडात पेपर सोडवलेल्या मुलांना त्याच गुणांवर रांगेत उभे राहावे लागले. अशा मुलांसमोर निदान पुढची प्रक्रिया तरी लख्ख असायला हवी.

आणि ही मुले प्रवेश घेऊन पुढे काय करतात, याचा धार जिल्ह्याशी थेट संबंध आहे. जिल्ह्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक अनुसूचित जमाती आहेत; भिल्ल-भिलाला पाड्यांत डॉक्टर टिकत नाहीत ही तिथली कायमची व्यथा आहे. आरोग्य उपकेंद्रांवर सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत तपासणीसाठी आणि सरकारी औषधालयांत बीएएमएस झालेलेही काम करतात. त्यांच्या पगाराची बरोबरी एमबीबीएसशी होत नाही; एप्रिल २०२३ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी नाकारली. हेही मुलांना आधी कळले पाहिजे. तरीही गंधवानीची मुलगी आयुर्वेद शिकून गंधवानीच्या उपकेंद्रात बसली, तर तिथल्या बाळंतिणीला भिलालीत विचारणारे कुणीतरी असेल. राज्यात जमातींसाठी २० टक्के जागा राखीव आहेत. त्या जागांपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र तिला जातीचा दाखला, मूलनिवासी प्रमाणपत्र आणि हिंदी-इंग्रजीच्या सरमिसळीतली चॉइस फिलिंग यांतून एकटीने काढावी लागते.

राज्याच्या आयुष संचालनालयाला हे सुधारायला नवा कायदा नको. प्रत्येक फेरी संपल्यावर महाविद्यालयनिहाय आणि प्रवर्गनिहाय शेवटचा गुणानुक्रम, शुल्क आणि रिकाम्या जागा एकाच तक्त्यात, सोप्या हिंदीत जाहीर कराव्यात. मागच्या पाच वर्षांचे तक्तेही सोबत ठेवावेत. आयुषच्या फेऱ्या एमबीबीएसच्या वेळापत्रकाशी जोडाव्यात. धार आणि देवासच्या जिल्हा आयुष अधिकाऱ्यांच्या कार्यालयांत प्रवेशाच्या महिन्यांत एक माणूस फक्त याच कामाला बसवावा. कुक्षी आणि बागलीला आठवड्यातून एकदा तो स्वतः जावा. धार आणि देवासच्या मराठी मंडळांनीही गुणवंतांच्या सत्कारासोबत एक संध्याकाळ या माहितीसाठी राखावी, आणि तिथे मराठी नसलेल्या मुलांनाही बोलवावे. दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात शिबिरे भरवायची तर ती जानेवारीत, बारावीच्या परीक्षेआधी भरवावीत. पहिल्या फेरीची मुदत संपताना मुले दाखल्यासाठी रांगेत उभी दिसली, तर त्याचा जाब दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी विधानसभेत विचारावा.