निवृत्तिवेतन कोणाच्या हक्काचे?

दर वर्षी १७ डिसेंबरला आम्ही निवृत्त मंडळी एकमेकांचे अभीष्टचिंतन करतो. १९८२ साली याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नसून हक्क आहे, असे ठरविले. हे वचन आम्हांला मुखोद्गत आहे. त्याचा अर्थ मात्र आम्ही स्वतःपुरताच घेतला, असा आमचा आरोप आहे. आणि आरोपींत प्रस्तुत लेखकही आलाच.

महागाई भत्त्याचा हप्ता दोन महिने लांबला की आमच्या बैठकींत शासनाचा उद्धार सुरू होतो. त्याच बैठकीत निराधार वृद्धांच्या साहाय्याचा विषय निघाला, की ‘फुकटाची सवय’ हा शब्दप्रयोग ऐकू येतो. एकाच मुखातून निघणारी ही दोन वाक्ये परस्परांशी कशी जुळतात?

दिवाळी सरली की नंदुरबार, धुळे आणि डांग येथून ऊसतोड मजूर आपल्या परिसरात उतरतात. नवराबायकोच्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणीही हत्याराच्या नावाने! डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या या मजुरांविषयी १९७०च्या दशकातच लिहून ठेवले आहे. आपले पूर्वज गुजरातेत आले ते नोकरी, वतन वा सनद घेऊन. हे येतात मुकादमाची उचल डोक्यावर घेऊन. अहिराणी बोलणारे हे लोक आपल्या भाषेचे सगेसोयरेच. तीस हंगाम ऊस तोडून कंबर मोडलेल्या त्या म्हाताऱ्याने सेवा केली नाही, असे कोणी म्हणावे?

न्यायालयाचा निकाल सरकारी सेवकांपुरता होता, हे आम्ही जाणतो. पण उमेदीच्या काळात राबलेल्यांना वार्धक्यात मिळणारा हा सामाजिक न्याय आहे, हेही त्याच निकालात म्हटले आहे. राबण्याचे सामर्थ्य काय फक्त कचेरीतच असते?

आता शासनाचा हिशेब पाहू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू झाले, तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००७ साली योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, तेव्हा तो २०० होता. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी तो आजही २००च आहे, आणि तोही दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तरच. राज्ये आपापली भर घालतात, हे खरे. परंतु आमचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. यांच्या भाकरीला महागाई लागत नाही काय?

‘त्यांनी स्वतः बचत करावी,’ असे सांगितले जाते. २०१५ची अटल पेन्शन योजना त्यासाठीच आहे. पण तिचे दार चाळिशीनंतर बंद होते. साठीनंतर हमी मिळते ती १००० ते ५००० रुपयांची, आणि महागाईशी ती जोडलेली नाही. ज्याचा हंगामच कर्जाने सुरू होतो, त्याने हप्ता कशातून भरावा?

‘पैसा कोठून आणणार?’ हा शेवटचा आक्षेप. आपल्याहून निर्धन अशा नेपाळने १९९५च्या सुमारास पंचाहत्तरीच्या वृद्धांना निवृत्तिवेतन सुरू केले. २००४ साली केंद्राने नव्या सेवकांची जुनी हमी काढून घेतली. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजनेने ती बऱ्याच अंशी परत दिली. म्हणजे वार्धक्य बाजाराच्या हवाली करता येत नाही, हे शासनाला पटले. मग ते उसाच्या फडातही पटावे.

महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले. तशीच आकारणी दक्षिण गुजरातेत करून ती या मजुरांच्या निवृत्तिवेतनासाठीच राखावी. केंद्राचा वाटा महागाई निर्देशांकाशी जोडावा आणि यादीची अट काढावी.

१९२८ साली कचेरीत ठरलेली २२ टक्क्यांची सारावाढ बारडोलीच्या शेतकऱ्याने नाकारली. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल गावोगाव फिरले आणि तो आकडा ६.०३ टक्क्यांवर आला. दोनशे रुपयांचा आकडा ठरविणाऱ्यांनीही एकदा फडात येऊन जावे. आणि येत्या १७ डिसेंबरच्या आपल्या ठरावात पहिले कलम महागाई भत्त्याचे नसावे, त्या म्हाताऱ्याचे असावे. हक्काची भाषा आपण शिकलो; ती दुसऱ्यासाठी बोलता आली, तरच ती आपली.