खरे गिऱ्हाईक आणि दारावरचा दंड

मृग नक्षत्र तोंडावर आले की कसारा, खर्डी, डोळखांब या पट्ट्यात आगोटीची लगबग सुरू होते. मीठ-मिरची, डाळ-तांदूळ, तेल, साबण, काड्यापेट्या असे चार महिन्यांचे सामान घरात येऊन पडल्याखेरीज घरच्या बाईच्या जिवाला स्वस्थता लाभत नाही. कारण घाटावरून पावसाची झड एकदा उतरली म्हणजे पाड्यांच्या वाटा चिखलात जातात आणि हातात पैसा असला तरी दुकान दूर पडते. पूर्वी ही खरेदी गावच्या वाण्याकडे आणि आठवडेबाजारात होई. अलीकडे दोन-तीन घरे मिळून एखादी जीप ठरवतात आणि महामार्गाने भिवंडी-कल्याणकडच्या मोठ्या भांडारांची वाट धरतात. किलोमागे वाचणारे चार रुपये, एवढाच या प्रवासाचा हेतू असतो.

हे वाचलेले चार रुपये दारावरच काढून घेण्याची तजवीज आता अनेक मॉलांनी आणि भांडारांनी करून ठेवली आहे. आत शिरताना आडव्या दांड्याशी एक चिठ्ठी हाती दिली जाते. बाहेर पडताना तिच्यावरची वेळ पाहून पैसे मागितले जातात. चिठ्ठी हरवली तर दंड, ठरलेल्या वेळेहून उशीर झाला तर दंड, आखलेल्या पट्ट्याबाहेर चाक गेले तर चाकाला जॅमर. आगोटीच्या दिवसांत पैसे भरण्याच्या रांगेतच तास मोडतो, हे भांडाराला ठाऊक असते. तरीही त्या रांगेने खाल्लेल्या वेळेची किंमत गिऱ्हाइकाच्याच माथी मारली जाते. त्याने हजारो रुपयांच्या खरेदीचे बिल पुढे केले तर दारावरचा माणूस म्हणतो, ‘वाहनतळ ठेकेदाराचा आहे, दुकानाशी आमचा संबंध नाही.’ भांडारातला व्यवस्थापक म्हणतो, ‘ते ठेकेदाराला विचारा.’ ठेकेदार कुठे बसतो, हे कोणीच सांगत नाही.

ही रक्कम क्षुल्लक आहे, तिच्यासाठी अग्रलेखाची शाई कशाला, असा प्रश्न काहींना पडेल. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. चिठ्ठी हरवल्याबद्दल तीनशे-पाचशे रुपये मागणारा ठेकेदार कसाऱ्याच्या मजुराकडून एक पूर्ण दिवस मागत असतो. ज्याला तो दिवस परवडतो तो पैसे टाकून निघून जातो. ज्याला परवडत नाही तो हुज्जत घालतो, अपमान सोसतो आणि शेवटी मागे खोळंबलेल्या गाड्यांच्या कर्ण्यांपुढे हार खातो. शिवाय प्रश्न रकमेपुरता नाही. जागा कोणाची, पैसा कशाचा आणि दंड करण्याचा अधिकार कोणी दिला, असे तीन प्रश्न त्या आडव्या दांड्याशी उभे आहेत.

पहिला प्रश्न जागेचा. मोठे व्यापारी संकुल बांधावयाचे तर वाहनांसाठी किती जागा राखावी, हे विकास नियंत्रण नियमावली ठरवते. मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित नियमावलीतही ही अट आहे. नियमाने राखावयाची ही जागा चटई क्षेत्र निर्देशांकाच्या हिशेबात धरली जात नाही, ही सवलतही मालकाला मिळते. म्हणजे वाहनतळ हे मालकाने उदारपणे केलेले दान नव्हे. बांधकामाची परवानगी मिळविताना त्याने समाजाला दिलेले ते वचन आहे. वचनाच्या बदल्यात सवलत घ्यावयाची आणि पुढे तीच जागा तासाच्या दराने भाड्याने लावावयाची, हा एकाच मालाचे दोनदा पैसे घेण्याचा प्रकार होय. गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०१९ मध्ये मॉलांना वाहनतळाचे पैसे घेता येणार नाहीत असे ठरविले, त्याचा गाभा हाच होता. त्याच वर्षी पुणे महापालिकेच्या शहर सुधारणा समितीनेही मॉल व चित्रपटगृहांतील वाहनतळ विनामूल्य असावेत असा निर्णय घेतला. त्याआधी २०१० साली दहिसरच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, इमारतीखालची खांबांमधली वाहनांची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे स्पष्ट केले होते. प्रकरण निवासी इमारतीचे होते. पण नियमाने राखावयास लावलेली जागा ही मालकाची मोकळी मिळकत नव्हे, हे तत्त्व त्यातून दिसते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. स्थानकाजवळच्या मॉलमध्ये सकाळी गाडी लावून दिवसभर मुंबईला नोकरीस जाणारे लोक असतात. त्यांच्यामुळे खऱ्या गिऱ्हाइकालाच जागा मिळेनाशी होते. वाहनतळाला दिवे लागतात, राखणदार लागतो, त्यांचा खर्च आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ साली मॉलमालकाचा शुल्क घेण्याचा अधिकार मान्य केला, तेव्हा कायद्याचा प्रश्न देशभर एका सुरात मिटलेला आहे असे कार्यकर्त्यांनी लोकांना सांगू नये. चुकीची आशा दाखविणे हीही एक फसवणूकच असते.

पण या अडचणीवर तोडगा नाही असे नव्हे. तेलंगणा सरकारने मार्च २०१८ मध्ये काढलेल्या आदेशात तो सापडतो. पहिला अर्धा तास सर्वांना मोफत. अर्ध्या तासापासून एक तासापर्यंत कितीही रकमेचे खरेदीचे बिल दाखविले की मोफत. त्यापुढे बिलाची रक्कम वाहनतळाच्या शुल्काहून अधिक असेल तर मोफत. या सोप्या नियमाने दिवसभर गाडी लावून जाणारा प्रवासी आणि आगोटीला आलेले गिऱ्हाईक यांच्यात फरक केला जातो, आणि तो फरक ठरविण्याचा पुरावा गिऱ्हाइकाच्याच खिशात असतो. शेजारच्या राज्याला जे सुचले ते महाराष्ट्राला राज्यभर लागू करता येऊ नये, यामागे प्रशासनाची असमर्थता नसून मॉलमालकांची भीड आहे, असे म्हणावे लागते.

दुसरा प्रश्न पैशाचा. पैसे जर राखणीसाठी घेतले जातात तर राखणीची जबाबदारीही आली पाहिजे. चिठ्ठीच्या पाठीवर मात्र बारीक अक्षरांत छापलेले असते की वाहन मालकाच्या जोखमीवर उभे आहे. दिल्लीतील एका हॉटेलच्या ताब्यात किल्लीसह दिलेली मोटार १९९८ साली चोरीस गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निर्णय लागला की अशी ओळ छापून स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला झटकता येणार नाही. १८७२ च्या करार कायद्यातील निक्षेपाचे तत्त्व तेथे लागू झाले. जेथे किल्ली वाहनधारकाच्याच खिशात राहते तेथे हा निर्णय जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. तरीही ‘पैसे आमचे, जोखीम तुमची’ हा व्यवहार न्यायाच्या कसोटीला उतरत नाही, हे सांगावयास कायदेपंडिताची गरज नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दंड करणे हा राज्यसंस्थेचा अधिकार आहे आणि तोही कायद्याने दिलेल्या मर्यादेतच. खासगी ठेकेदार फार तर करारभंगाची भरपाई मागू शकतो, आणि करार कायद्याचे ७४ वे कलम त्या भरपाईला वाजवीपणाची मर्यादा घालते. चिठ्ठी हरवल्याने ठेकेदाराचे पाचशे रुपयांचे कोणते नुकसान झाले, हे त्याला दाखविता आले पाहिजे. गाडीच्या कागदपत्रांवरून मालक कोण हे दोन मिनिटांत कळत असताना एवढी रक्कम मागणे म्हणजे भरपाई नव्हे, खंडणीच्या जवळ जाणारा प्रकार आहे.

बाजाराचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या ब्रिटनमध्ये या रोगाने फार आधी मूळ धरले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली चेम्सफर्डच्या एका विक्रीकेंद्राच्या वाहनतळावर दोन तासांची मर्यादा ओलांडणाऱ्या मोटारधारकाला लावलेली ८५ पौंडांची आकारणी वैध ठरविली. म्हणजे तेथेही कायदा नेहमीच गिऱ्हाइकाच्या बाजूने उभा राहतो असे नाही. मात्र खासगी जागेवर चाकाला जॅमर लावणे इंग्लंड व वेल्समध्ये २०१२ पासूनच बंद झाले आहे, आणि आकारणीविरुद्ध दाद मागण्याची पायरी ठरलेली आहे. आधी वाहनतळ चालविणाऱ्या कंपनीकडे आणि तिने नाकारले तर तिच्या व्यवसायसंघाशी जोडलेल्या अपील मंडळाकडे. भांडाराच्या खरेदीची पावती पाठवून आपण खरे गिऱ्हाईक असल्याचे दाखविणे हा तेथे नित्याचा मार्ग झाला आहे. आपल्याकडे रोग आला, पण औषधाची बाटली मागेच राहिली. येथे दांड्याशी उभा असलेला वीस वर्षांचा कंत्राटी पोरगा हाच फिर्यादी, तोच न्यायाधीश आणि तोच वसुली अधिकारी. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, कारण त्या वसुलीतून त्याच्या पदरी तुटपुंजा पगारच पडतो. कार्यकर्त्यांनी हे भान विशेष राखले पाहिजे.

मग दाद कोठे मागावी? २०२० सालापासून लागू झालेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा हे हाताशी असलेले हत्यार आहे. अनुचित व्यापारी प्रथा आणि अन्याय्य करार या दोहोंविरुद्ध त्यात दाद मागता येते. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा आहे, म्हणून कसाऱ्याच्या माणसाला ठाण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. यासाठी खरेदीचे बिल, वाहनतळाची चिठ्ठी, दिलेल्या पैशांची पावती आणि दरफलकाचे छायाचित्र एवढे जपून ठेवले पाहिजे आणि भांडाराच्या व्यवस्थापकाला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली पाहिजे. मोठ्या साखळी दुकानांनी पिशवीचे पैसे ज्या रीतीने लावले ती अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये ठरविले. त्या लढ्याची सुरुवातही दहा-वीस रुपयांच्या पिशवीपासूनच झाली होती.

तरीही एकट्या माणसाला ‘आयोगाकडे जा’ असे सांगणे ही पळवाट ठरेल. कसाऱ्याहून ठाणे ऐंशी किलोमीटरहून अधिक दूर आहे. कायदा साध्या तक्रारीच्या निकालासाठी तीन महिन्यांची मुदत सांगतो. परंतु प्रत्येक तारखेला लोकलचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली तर शंभर रुपये परत मिळविण्यासाठी हजार जातात. दुकानदाराचा आणि ठेकेदाराचा सारा भरवसा याच हिशेबावर असतो. हा हिशेब उलटविण्याची सोय कायद्यातच आहे. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करता येते, आणि नोंदलेल्या ग्राहक संघटनेलाही तक्रारदार होता येते. शंभर घरांच्या शंभर चिठ्ठ्या एका तक्रारीला जोडल्या गेल्या तर तारखेचा खर्च वाटला जातो आणि शंभर रुपयांचा प्रश्न दहा हजारांचा होतो.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या रूपाने निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांना एकत्र आणले आणि हातात लाटणे घेऊन मंत्र्यांपुढे तेला-साखरेचा जाब मागितला. त्या स्त्रियांपैकी प्रत्येकीची तक्रार पाव-अर्ध्या किलोचीच होती. एकत्र आल्यावर तिचे राजकारण झाले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली तीही एकट्या गिऱ्हाइकाचे दुबळेपण ओळखूनच.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. राज्य सरकारने तेलंगणाच्या धर्तीवर आदेश काढून बिल दाखविणाऱ्या गिऱ्हाइकाला वाहनतळ मोफत करावा. दर, वेळ आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मराठीत, दांड्याच्या आधी दिसेल असे लावावे. चिठ्ठी हरविल्याच्या आकारणीला तुटपुंजी कमाल मर्यादा घालावी आणि खासगी जॅमर बंद करावा. ठेकेदाराच्या कृत्याला भांडाराचा मालक जबाबदार राहील, ही अट परवान्यातच असावी.

शहापूर तालुक्याने तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला दिले; रेल्वेला, महामार्गाला आणि २०२५ साली पूर्ण झालेल्या समृद्धी मार्गालाही जमीन दिली. प्रत्येक वेळी सार्वजनिक हिताचे नाव सांगण्यात आले. त्याच तालुक्यातला माणूस चार महिन्यांचे मीठ-तेल घ्यावयास शहराच्या वेशीवर गेला असता त्याच्या जीपखालच्या आठ-दहा हात जमिनीचे भाडे त्याच्याकडून वसूल केले जाते. येत्या आगोटीपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावात बिले आणि चिठ्ठ्या गोळा करण्यास प्रारंभ करावा. आगोटीची खरेदी करून परतणाऱ्या कुटुंबाने डाळ-तांदळाबरोबर दारावरचा अपमानही मुकाट्याने घरी न्यावा, असा कोणताही कायदा नाही.