बीजक सुटले, ठेव्याचे काय?

पुरलेल्या धनाची जागा सांकेतिक शब्दांत सांगणाऱ्या लेखाला मराठीत 'बीजक' असा नेमका शब्द आहे. तो आता बहुतांशी जुन्या रहस्यकथांत आणि गावोगावच्या दंतकथांत उरला असला, तरी बीजकाचा खेळ मात्र संपलेला नाही. 2000 सालच्या मे महिन्यात अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्रालाही जागा काही मीटरपर्यंत अचूक कळू लागली. लगेच ऑरेगन राज्यात एकाने रानात एक डबा ठेवला आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करून टाकले. 'जिओकॅशिंग' या नावाने तो खेळ पुढे जगभर पसरला.

आम्हा मराठीच्या अध्यापकांना यात रस वाटला तो त्यातील कोड्याच्या प्रकारामुळे. येथे जाहीर केलेली जागा खोटी असते. खरी जागा प्रश्नांच्या उत्तरांत दडवलेली असते. समजा, विषय राजस्थान आहे. राज्याची स्थापना कोणत्या साली झाली? जैसलमेर कधी वसले? पोखरणची पहिली अणुचाचणी कोणत्या वर्षी झाली? 1949, 1156, 1974. या आकड्यांतील ठरलेले अंक उचलून अक्षांशाच्या रिकाम्या जागी भरायचे, की डबा बदलापूर गावात उल्हास नदीच्या काठी असला तरी सापडतो. त्यासाठी राजस्थान पाहिलेले असण्याची गरज नाही. वाळूचा एक कणही पायाला न लागता वाळवंटाचे कोडे सुटते.

असे कोडे ठिसूळही असते. एखाद्याने त्यात राजस्थानच्या जिल्ह्यांची संख्या विचारली असती तर? 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत ती 33 होती, त्याच वर्षी 50 झाली आणि 2024 च्या डिसेंबरात काही नवे जिल्हे रद्द होऊन 41 वर आली. या संख्येतील दशकाचा अंक अक्षांशाच्या मिनिटातील पहिल्या दशांशस्थानी बसवला असता, तर येथे उल्हासच्या काठचा डबा आधी सुमारे 370 मीटर उत्तरेस गेला असता आणि मग 185 मीटर मागे आला असता. जयपुरातील एका निर्णयाने आमच्या गावातील ठेवा जागचा हलावा, हे गमतीचे खरेच. पण ज्या ज्ञानाचा आपल्या पायाखालच्या जमिनीशी संबंध नाही त्याचे असेच व्हायचे.

आपल्याकडील कोड्यांची रीत निराळी होती. आजीने घातलेल्या कोड्याचे उत्तर ऐकणाऱ्याच्या घरातच असे: जाते, नारळ, आडातला पोहरा. ते सुटल्यावर रोजची वस्तू पुन्हा एकदा दिसे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील गणितेही नुसते आकडे पुढे करत नाहीत. त्यांत वाऱ्याने मोडलेला बांबू असतो, पाण्यातले कमळ असते. आणि वाळवंटाचेच कोडे हवे असेल, तर विजयदान देथा यांची 'दुविधा' आठवावी. मणी कौल यांनी 1973 साली तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट केला आणि 2005 साली अमोल पालेकरांनी 'पहेली' केला. एका स्त्रीसमोर हुबेहूब सारखे दोन नवरे उभे आहेत. त्यांतला एक भूत आहे. निवाडा करतो तो एक मेंढपाळ, आणि त्याची शेवटची परीक्षा असते पाण्याच्या चामडी पिशवीत शिरून दाखवण्याची. वाळवंटात माणसाला जगवणारी वस्तूच तेथे सापळा होते. हे कोडे त्या भूमीतून उपटून दुसरीकडे लावता येणार नाही. त्याच्या उत्तरात वाळवंट आहे, केवळ वाळवंटाविषयीची माहिती नाही.

हे सारे येथे सांगण्याचे कारण आमच्या वर्गात आहे. जून 2012 पासून नेट परीक्षेची तिसरी पत्रिकाही वस्तुनिष्ठ झाली. तोवर तिच्यात विस्ताराने लिहावे लागे. लेखी उत्तरांच्या तपासणीत परीक्षकाच्या लहरीला वाव होता, हे आम्ही उत्तरपत्रिका तपासणारे म्हणूनच मान्य करतो. परंतु तेव्हापासून एम.ए.चे विद्यार्थी साहित्य वाचण्याऐवजी साहित्याविषयीचे अंक गोळा करू लागले आहेत. 'कोसला' कोणत्या साली प्रसिद्ध झाली? 1963. निवेदक कोण? पांडुरंग सांगवीकर. एवढ्यावर गुण मिळतात. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचे दुःख आणि अजिंठ्याची लेणी ही त्या कादंबरीत एकमेकांजवळ का आली असावीत, हे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी त्या पानांपर्यंत जात नाही. बीजक तेवढे सुटते. खेळणारा निदान पुढे चालत डब्यापर्यंत जातो; आपला विद्यार्थी अंक मिळताच परत फिरतो.

याचा अर्थ सनावळी टाकाऊ आहे असा नव्हे. बदलापूरहून लोकलने पुढच्याच स्थानकावर असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचे उदाहरण घेऊ. तेथील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळचा. हा अंक आज कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत मिळतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील सुरुवातीच्या वाचनात तो 782 असा लावला गेला होता. पुढे फेरवाचन झाले तेव्हा पहिला अंक सातचा नऊ ठरला आणि मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. म्हणजे जो अंक आपण पाठ करतो तो कोणीतरी दगडापुढे उभे राहून, चुकून, पुन्हा पाहून मिळवलेला असतो. अंक हा वाचनाचा शेवट आहे. आपण मुलांना शेवट देतो आणि वाचन वगळतो.

उपाय त्या खेळातच सापडतो. लोकलमध्ये 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही सूचना वर्षानुवर्षे ऐकलेल्या आमच्या भागातील माणसाला झुडपातला डबा मौजेचा वाटणे तसे कठीणच. परंतु 2004 साली निघालेल्या 'अर्थकॅश' या प्रकारात डबाच नसतो. ठरलेल्या जागी जायचे, तेथला खडक, झरा किंवा कडा निरखायचा आणि तेथे गेल्यावाचून ज्यांची उत्तरे देता येणार नाहीत अशा प्रश्नांची उत्तरे पाठवायची. आम्हाला वाटते, साहित्याच्या प्रश्नपत्रिकेची याहून चांगली व्याख्या करता येणार नाही. राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा आपल्या हातात नाहीत. अंतर्गत मूल्यमापन मात्र आहे. प्रत्येक नेमलेल्या पुस्तकावर किमान एक प्रश्न असा असावा, की पुस्तक उघडल्यावाचून त्याचे उत्तर मिळूच नये. असा प्रश्न काढण्यासाठी अध्यापकालाही ते पुस्तक पुन्हा उघडावे लागेल. अडचण तेथेच आहे, हे आम्ही स्वतःला वगळून म्हणत नाही.

आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन अंबरनाथला गेलो होतो. प्रश्न एकच दिला होता: पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्यावर प्रकाश कोठून येतो? एका विद्यार्थिनीने शिलालेखाचा शक गाडीतच फोनवर पाहून वहीत लिहून ठेवला होता. गाभाऱ्यात तिने मान वर केली, तेव्हा डोक्यावर छताऐवजी आकाश होते. बाहेर आल्यावर मंदिराकडे पाहत ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "सर, शिखर पडलंय, की मुळात पूर्ण बांधलंच नव्हतं?"

अभ्यासकांचा कल दुसऱ्या तर्काकडे आहे, एवढेच आम्ही सांगू शकलो. तिने वहीत शकाच्या खाली तो प्रश्न लिहून घेतला. आमच्या प्रश्नपत्रिकेत तो नव्हता.