हॉटेलात धाडलेला पोस्टमन

अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइन यांना २०१७ मध्ये बायको-मुलाने घराबाहेर काढलं. भांडण वगैरे काही नव्हतं. पत्नी फिओना त्यांचं व्यवस्थापन पाहत, मुलगा जोडी ‘ओ बॉय’ ही घरचीच रेकॉर्ड कंपनी सांभाळत होता, आणि सत्तरीतल्या या गृहस्थांकडून नवी गाणी काही निघेनात. शेवटी दोघांनी नॅशव्हिलमधल्याच एका हॉटेलात आठवडाभरासाठी खोली घेतली आणि त्यांना तिथे नेऊन बसवलं. सोबत गिटारी, एक युकुलेली आणि अर्धवट गाण्यांच्या कागदांनी भरलेली दहा खोकी. त्या मुक्कामातून ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ हा अल्बम उभा राहिला आणि १३ एप्रिल २०१८ ला बाजारात आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा अल्बम तेरा वर्षांनी आला होता. रोजच्या जगण्यावर लिहिणाऱ्या माणसाला लिहितं करायचं तर रोजच्या जगण्यातून उचलावं लागलं, यातली गंमत त्यांच्या नजरेतून सुटली नसणार.

प्राइन यांच्यावर लिहिताना समीक्षक ‘सामान्य माणसाचा कवी’ हा शिक्का हाताशीच ठेवतात. मला ते कौतुक आळशी वाटतं. सामान्य माणसं सगळ्यांनाच दिसतात, आणि त्यांच्यावर रडकी गाणी लिहिणाऱ्यांची जगात कधीच वाण नव्हती. प्राइन यांच्याकडे होती ती पोस्टमनची शिस्त. पत्ता बरोबर वाचायचा, दारापर्यंत जायचं आणि पाकीट फोडायचं नाही.

पोस्टमन ते खरोखरच होते. साठच्या दशकात शिकागोच्या उपनगरांत ते टपालाचा बटवडा करत. पुढच्या फेरीची पत्रं ठेवायला रस्त्याच्या कडेला मोठाल्या पेट्या असत. वारा झोंबायला लागला की ते अशा पेटीत शिरून सँडविच खात. ‘हेलो इन देअर’ या गाण्याचा काही भाग अशाच पेटीत लिहिला गेला. मुलं पांगलेली, एक कोरियाच्या युद्धात गेलेला, आणि एकमेकांशी बोलायला फारसं काही न उरलेलं म्हातारं जोडपं. हे लिहिणारा तेव्हा विशी-पंचविशीतला होता. १९७० साली चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट शिकागोतल्या ‘फिफ्थ पेग’ या छोट्या क्लबात शिरले. सिनेमाघरातले पॉपकॉर्न फार खारट होते म्हणून ते बिअर शोधत आले होते, अशी आख्यायिका आहे. बाहेर पडले ते या गाणाऱ्या पोस्टमनवर लेख लिहायचं ठरवून. पुढच्या वर्षी पहिला अल्बम आला. त्यात ‘हेलो इन देअर’ होतं, व्हिएतनामहून व्यसन घेऊन परतलेला ‘सॅम स्टोन’ होता आणि ‘एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी’मधली संसाराला विटलेली मध्यमवयीन बाई होती. तिचं मन या पोराला कुठून कळलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आपल्याकडे भावगीताची वाटणी पक्की: शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. स्वतः लिहून स्वतः गाणारे शोधायचे तर शाहिरांकडे, वामनदादा कर्डकांकडे वळावं लागतं. अशा माणसाचा गळा बदलला की लिहिणंही बदलतं. १९९८ मध्ये मानेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली आणि प्राइन यांचा आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. २०१३ मध्ये फुफ्फुसाचं दुखणं निघालं. या अल्बमची दहा गाणी या उरलेल्या आवाजाच्या मापाने बेतलेली आहेत. ओळी आखूड आहेत, दम घ्यायला जागा आहे आणि चाली जवळजवळ बोलण्याच्या. निर्माते डेव्ह कॉब यांनी वाद्यांची गर्दी केली नाही, हे त्यांचे उपकार.

गाण्यांचे विषय पाहा. ‘एग अँड डॉटर नाइट’मध्ये नेब्रास्कातले शेतकरी अंडी विकायला शहरात येतात आणि येताना मुलींना स्केटिंगच्या रिंगणावर सोडतात; गावातल्या पोरांना तो वार पाठ. ‘लोनसम फ्रेंड्स ऑफ सायन्स’मध्ये ग्रहपदावरून काढून टाकलेल्या बिचाऱ्या प्लूटोची विचारपूस आहे. पहिल्याच गाण्यातल्या एकट्या माणसाजवळ घरच्यांनी काय मागे ठेवलं, तर कंट्री गायक जॉर्ज जोन्सची एक टेप. त्याचं दुःख किती खोल, यावर पुढे भाष्य नाही. सगळंच काही या तोडीचं नाही. संगीत निर्माता फिल स्पेक्टरबरोबर फार पूर्वी सुरू केलेलं ‘गॉड ओन्ली नोज’ खोक्यातच राहिलं असतं तरी चाललं असतं. ‘समर्स एंड’ मात्र एकट्याने ऐकावं.

अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट पाचव्या क्रमांकावर पोचला. सत्तेचाळीस वर्षांत ते इतके वर कधी गेले नव्हते. पाचवा क्रमांक हा काही गुणवत्तेचा पुरावा नाही, तरी बरं वाटलं.

शेवटचं गाणं स्वर्गाचं, ‘व्हेन आय गेट टू हेवन’. कर्करोगानंतर सिगारेट सोडलेल्या माणसाचा हा स्वर्ग आहे. तिथे कर्करोग नसणार, म्हणजे ओढायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब. आणि ती सिगारेट नऊ मैल लांबीची. देवाचे आभार मानून झाले की चांगल्या हॉटेलात खोली घ्यायची, व्होडका आणि जिंजर एल मागवायचं, आईवडिलांना, गेलेल्या भावाला, मावश्यांना भेटायचं. वाकडं वागलेल्या सगळ्यांना माफ करून एक नाइटक्लब काढायचा. अल्बमचं नाव म्हणजे त्या क्लबाची पाटी. तिथे निवडक समीक्षकांनाही बोलावणं आहे. आधी इथे छापता येणार नाही अशी एक सणसणीत शिवी, मग फिओनांच्या आयर्लंडमधल्या बिअरचा एकेक ग्लास, प्राइन यांच्याच खर्चाने. आमच्या जमातीला याहून सन्मानाचं आमंत्रण आजवर आल्याचं मला आठवत नाही. शिवीसकट स्वीकारतो.