स्ट्रीमिंगचं पुस्तक रद्दीत टाकण्याआधी

लायब्ररीत कम्प्युटरच्या रॅकमधला अगदी खालचा कप्पा कधी बघितलाय? तिथे ऑडिओ-व्हिडिओ स्ट्रीमिंगवरची दोन-चार जाडजूड गाईडबुकं धूळ खात पडलेली असतात. सोबतची सीडी कधीच गायब झालेली (ती कुणी नेली हा संशोधनाचा विषय आहे!). आत विंडोज मीडिया एन्कोडर कसा चालवायचा, फ्लॅशमध्ये प्लेअर कसा बनवायचा, हे सगळं स्क्रीनच्या चित्रांसकट दिलेलं. त्यातलं आज जवळजवळ काहीच चालत नाही. फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट तर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. मग "ही रद्दी ठेवलीय कशाला? दहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला की स्ट्रीमिंग जमतं" असं कुणी म्हटलं की आपणही मान डोलावतो.

मला मात्र हे पटत नाही.

गाईडबुकं फार महान असतात असं माझं म्हणणं नाही. "नेक्स्ट दाबा, मग ओके दाबा" ही त्यांची खोड जुनीच आहे. पण व्हिडिओ तरी वेगळं काय करतो? तोही तेच सांगतो, फक्त बोलून! दोन्हीकडून सेटअप उभा राहतो, आणि चित्र अडकलं की सोबत आपणही अडकतो. मग ओरलला एक्स्टर्नलनी "हे चालतं कसं?" एवढंच विचारलं तरी बोलती बंद.

खरा माल त्या पुस्तकांच्या पहिल्या दोन-तीन प्रकरणांत असतो, आणि तीच आपण "थिअरी आहे" म्हणून उलटून टाकतो. एक साधं गणित बघा. १२८० बाय ७२० चं चित्र, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट्स, सेकंदाला २५ फ्रेम्स. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ५५ कोटी बिट्स होतात. गॅदरिंगच्या लाइव्हला आपण पाठवतो साधारण २५ लाख, म्हणजे २.५ एमबीपीएस. बाकीचे गेले कुठे? लागोपाठच्या फ्रेम्स बऱ्याचशा सारख्याच असतात, म्हणून कोडेक मुख्यतः फरक तेवढा पाठवतो आणि अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, म्हणजे कीफ्रेम. हे कळलं की मध्येच जॉइन होणाऱ्याला चित्र दिसायला वेळ का लागतो, हे आपोआप कळतं. आता शंभर जण बघतायत आणि प्रत्येकाला वेगळी प्रत आपल्याच मशीनवरून जातेय असं समजा. झाले २५० एमबीपीएस! १०० एमबीपीएसच्या नेटवर्क कार्डाचं काय होणार, हे सांगायला ट्युटोरियल लागत नाही.

उशिराचंही तसंच. ॲपलनं २००९ मध्ये आणलेल्या एचएलएसमध्ये व्हिडिओचे छोटे तुकडे करून साध्या वेब सर्व्हरवरून पाठवतात. सहा सेकंदांचा एक तुकडा आणि प्लेअर तीन तुकडे मागे राहून सुरू होतो असं धरलं, तर अठरा सेकंद तिथेच गेले. स्टेजवरचा टाळ्यांचा कडकडाट घरी बसलेल्या आईबाबांना उशिरा ऐकू येतो तो यामुळे. नेट खराब नसतं! उलट १९९६ साली आलेला आरटीपी बहुधा यूडीपीवरून चालतो. हरवलेल्या पॅकेटसाठी तिथे सगळं थांबून राहत नाही. उशीर चालेल की तुटलेलं चालेल, हा प्रश्न त्या जुन्या पुस्तकांत आहे आणि आजही तसाच आहे. ब्राउझरमधला व्हिडिओ कॉल आजही आरटीपीवरच चालतो, बरं का!

आणि हे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे असं कुणी म्हणू नये. आपल्या सगळ्यांच्या मशीनवर असतो तो व्हीएलसी प्लेअर १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्राल या इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांचं प्रोजेक्ट म्हणूनच सुरू झाला. कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ पाठवायचा, एवढाच उद्देश होता. २००१ मध्ये त्यांनी तो जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुला केला.

आपल्याकडे होतं काय, तर दरवर्षी एखादा सीनिअर सगळं स्ट्रीमिंग एकहाती सांभाळतो. तो पास आऊट झाला की ज्ञानही त्याच्याबरोबर पास आऊट! ज्युनिअर पुन्हा पहिल्या पायरीपासून. म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, लॅबमध्ये सेटअप चालू झाला की तिथे थांबू नका, तो मुद्दाम बिघडवा. लिनक्सवर नेटेम वापरून पाच टक्के पॅकेट्स गाळा, बफर कमी करा, कीफ्रेमचं अंतर वाढवा आणि काय होतं ते बघा. मार्क मिळणार नाहीत, पण डोक्यात राहील. दुसरं, जे केलं ते एका वहीत मराठीत लिहून ठेवा. कुठलं बटण दाबलं हे एका ओळीत पुरे, का दाबलं ते मात्र सविस्तर लिहा. बटणं पुढच्या व्हर्जनला बदलतील, पण ते कारण पुढच्या बॅचलाही उपयोगी पडेल.

बघा पटतंय का. पटलं तर यंदाच्या गॅदरिंगपासूनच वही सुरू करू!