ग्रंथालयात हातांनाही शिकू द्या

मोरोपंतांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या कऱ्हाकाठाला अक्षरसाधना नवी नाही. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून 'निरोष्ठ रामायण' रचणाऱ्या पंतांची प्रतिभा कठोर बंधनांत फुलली. अपुऱ्या साधनांतून नवे घडविण्याची तीच ईर्षा आज या मातीतील मुलांच्या हातांत यायला हवी. त्यासाठी बारामती-इंदापूरच्या गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांइतके योग्य स्थान दुसरे नाही.

ग्रंथालयात तारा, मोटारी आणि संगणक कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्येच सांगून ठेवले आहे. पुस्तकात वाचलेले विद्युतमंडल मुलाने स्वतः जुळवले, दिवा लागला, की ते ज्ञान त्याचे होते. मग तो पुढचे पुस्तक आपणहून मागतो.

याचा वस्तुपाठ पुणे जिल्ह्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शहरातील संशोधकाची नोकरी सोडून 1983 मध्ये शिरूर तालुक्यातील अवर्षणग्रस्त पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारला. हाताने काम करीत शिकणे हे त्यांचे सूत्र. अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने जगातील आरंभीच्या 'फॅब लॅब'पैकी एक 2002 मध्ये त्याच खेड्यात आली.

केंद्र सरकारने 2016 मध्ये अटल नवोन्मेष अभियान सुरू करून शाळाशाळांतून अटल टिंकरिंग लॅब उभ्या केल्या. 2025 च्या अर्थसंकल्पात आणखी 50 हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. हे स्वागतार्हच आहे. मात्र शाळेची प्रयोगशाळा त्या शाळेच्या विद्यार्थ्यांपुरती असते, आणि रोबोटिक्सचे खासगी वर्ग शुल्क भरू शकणाऱ्यांपुरते.

मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांच्या परिसरात हंगामापुरत्या उभ्या राहणाऱ्या कोप्यांतील मुलांनी कोठे जावे? आईबापांच्या कोयत्यामागे त्यांची शाळा अर्ध्यावर सुटते. ग्रंथालयाचे दार त्यांना दाखला न मागता उघडता येते. बागायतदाराचा मुलगा आणि ऊसतोड मजुराची मुलगी एकाच बाकावर बसून मातीतील ओलावा मोजणारे उपकरण जुळवू लागतील, तेव्हा समरसतेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

अडचणी खऱ्या आहेत. 'क' आणि 'ड' वर्गातील ग्रंथालयांचे अनुदान तुटपुंजे, सेवकांचे वेतन त्याहून तुटपुंजे. त्यांच्यावर नवा भार लादणे अन्यायाचे ठरेल. येथेच समाजाचे कर्तव्य सुरू होते. गावातील वायरमन, मोटार दुरुस्त करणारा कारागीर, निवृत्त विज्ञानशिक्षक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी यांनी आठवड्याला दोन तास द्यावेत. सुस्थित कुटुंबांनी सुटे भाग, पक्कड, डाग देण्याची इस्त्री आणि वापरात नसलेला संगणक द्यावा. तयार संच विकत आणून मिरविण्यापेक्षा बिघडलेला पंखा उघडून पाहणे अधिक शिकवून जाते.

शासनाने अनुदान वाढवावे, ही मागणी रास्तच आहे. पण तिच्या पूर्ततेची वाट पाहत मुलांचे बालपण थांबत नाही. येत्या गाळप हंगामात प्रत्येक शाखेने आपल्या गावातील एका ग्रंथालयाशी बोलून रविवारचे दोन तास मुलांसाठी मागून घ्यावेत. संघटित समाजाला एवढे अवघड नाही.