अपडाऊनचा हिशेब

"पोरगा काय करते?" असं कोणी विचारलं की आपल्याकडे एक उत्तर हमखास मिळतं. "चंद्रपूरला जॉबवर आहे. अपडाऊन करते."

यातल्या 'जॉब'बद्दल सगळे पुढचं विचारतात. पगार किती, कंपनी कोणती, परमनंट होणार का. 'अपडाऊन'बद्दल कोणी काहीच विचारत नाही. घरून निघतो किती वाजता, परत येतो किती वाजता, बसायला जागा मिळते का, शेवटची गाडी चुकली तर काय, हे प्रश्न कोणाच्या डोक्यात येत नाहीत. आणि जो अपडाऊन करतो, तोही सहसा या गोष्टींचा हिशेब मांडत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या सगळ्यांपुढे वर्ष-सहा महिन्यांत हा प्रश्न येणार आहे. गावाजवळ कमी पगार की दूर जास्त पगार? माझं म्हणणं सरळ आहे. उत्तर काहीही द्या, पण प्रवासाचे तास पगारात मोजल्याशिवाय देऊ नका.

आपल्या दोन जिल्ह्यांचा नकाशा आधी बघू. बऱ्या पगाराची खासगी कामं मोजक्या ठिकाणी गोळा झाली आहेत. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती, वरोरा म्हणजे कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद. गडचिरोलीकडे आता सूरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा प्रकल्प. बाकी तालुक्यांत धान, जंगल, बाजारपेठेतली दुकानं, खासगी दवाखाने, कॉन्व्हेंट आणि कॉम्प्युटर सेंटर. म्हणजे मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी किंवा चामोर्शीच्या पोरांना पगार वाढवायचा असेल तर आधी गाडी पकडावी लागते.

आणि गाडी पकडणं ही इथे सोपी गोष्ट नाही. गोंदिया-बल्लारशा लाइनवर वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल ही सगळी गावं येतात, पण गाड्या मोजक्या. ही लाइन चंद्रपुरात येते ती चांदा फोर्टला. चंद्रपूरचं मुख्य स्टेशन वेगळं, ते नागपूर-बल्लारशा मार्गावर. उतरल्यावर ऑटो आलीच. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, तरी रेल्वे आली ती फक्त देसाईगंज म्हणजे वडशापर्यंत. तिथून गडचिरोली शहर सुमारे ५२ किलोमीटर. त्या रेल्वेमार्गाची चर्चा आपण शाळेत असल्यापासून ऐकतोय. नागपूर-नागभीड ही छोटी लाइन होती, तीही ब्रॉडगेज करण्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. त्या सव्वाशेच्या आतल्या किलोमीटरवर ज्यांचं कॉलेज, दवाखाना, धंदा अवलंबून होता, ते सगळे बस आणि काळी-पिवळीवर आले.

मुंबईचं उदाहरण देऊन लोक आपल्याला गप्प करतात. "तिथले लोक कर्जत-कसाऱ्याहून रोज येतात, तुम्हाला काय झालं?" त्यांचे हाल खरेच आहेत. पण कल्याणला एक लोकल चुकली तर थोड्या वेळात दुसरी येते. डेक्कन क्वीनमध्ये पासधारकांसाठी वेगळा डबा असतो. आपल्याकडे गाडी चुकली म्हणजे दिवस बुडाला, आणि संध्याकाळची चुकली म्हणजे रात्र कुठे काढायची हा प्रश्न. तिथे किलोमीटर जास्त असतील, इथे खात्री कमी आहे. अंतर दोन्हीकडे सारखं धरून चालत नाही.

आता वही काढा. हे आकडे नमुन्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा मूलमध्येच एखाद्या मुलीला ९,००० रुपयांचं काम मिळतंय आणि चंद्रपुरात १५,००० चं. फरक ६,००० चा. घरचे म्हणणार, विचार काय करतेस, जा! एसटीत अर्धं तिकीट धरलं तरी बस आणि शहरातली ऑटो मिळून महिन्याला ३,००० गेले. चहा, नाश्ता, कधी डबा नाही म्हणून बाहेरचं जेवण, असे आणखी १,०००. हाती उरले २,०००.

आता तास मोजा. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत दोन तास जायला, दोन यायला. यात गाडीची वाट बघणंही आलं. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०४ तास. म्हणजे जास्तीच्या प्रत्येक तासाला सुमारे १९ रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. तिच्या प्रवासाच्या तासाला त्याच्या निम्माच भाव मिळतोय.

दुसऱ्या बाजूनेही बघू. मूलमध्ये ती महिन्याचे २०८ तास देऊन ९,००० कमावते, तासाला ४३ रुपये. चंद्रपुरात खर्च वजा जाता ११,००० मिळतात, पण तास लागतात ३१२. तासाला ३५ रुपये. पगार वाढला आणि भाव उतरला! मुलगा असेल तर अर्ध्या तिकिटाची सवलतही नाही, त्याचा भाव आणखी खाली.

हे फक्त आपल्यालाच लागू आहे असं नाही. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासली होती. अर्थशास्त्राच्या हिशेबाने, जो जास्त प्रवास करतो त्याला त्याची भरपाई पगारातून किंवा स्वस्त घरातून मिळायला हवी, म्हणजे दोघं सारखेच समाधानी असायला हवेत. प्रत्यक्षात जास्त प्रवास करणारे कमी समाधानी निघाले. म्हणजे तिथेही हीच गत. माणूस पगाराचा आकडा पटकन बघतो. रोजची दगदग त्याला सहा महिन्यांनी कळते.

मग अपडाऊन करणारे सगळे वेडे आहेत का? अजिबात नाही. चंद्रपुरात खोली घ्यायची तर भाडं, मेस, डिपॉझिट. घरी आईवडील, रोवणीच्या दिवसांत दोन हात हवेत, धाकट्या भावाची शाळा. आपल्या भागातल्या कितीतरी बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, महिना महिना घर सोडून राहतात. त्या मानाने रोज रात्री घरी येणं ही मोठी गोष्ट आहे. आणि मुलींच्या बाबतीत तर बरेचदा परवानगीच त्या अटीवर मिळते. "रोज घरी येशील ना? मग कर." १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे कितीतरी घरांत ही परवानगी सोपी झाली असणार. ज्या मुलीला अपडाऊनमुळे पहिल्यांदा स्वतःचं बँक खातं आणि स्वतःचा पगार मिळतोय, तिला 'तासाला १९ रुपये' सांगून घरी बसवणं हा माझा हेतू नाही.

म्हणून हिशेबात एक रकाना वाढवा. या कामातून मला शिकायला काय मिळतं? लॅब टेक्निशियन, अकाउंट्स, मशीन चालवणं, डिझाइन, असं काही हातात येत असेल, वर्षभराने दुसरीकडे मान मिळेल असा अनुभव असेल, तर १९ रुपयांचा तासही परवडतो. ती फी समजायची. पण तेच काउंटर, तेच बिल फाडणं गावातही होतं आणि शहरातही, तर फक्त आकड्यासाठी चार तास देण्यात अर्थ नाही. "गाडीत अभ्यास करीन" हे स्वतःला सांगण्याआधी त्या गाडीत आठवडाभर बसून बघा. बसायला जागा मिळाली तर अभ्यास. उभं राहून एमपीएससी होत नाही.

आपल्याकडच्या हिशेबात आणखी एक ओळ येते, ती शहरातल्या कोणत्याच करिअर गायडन्समध्ये नसते. शेवटची बस. फाट्यावर उतरल्यावर गावापर्यंत दोन-तीन किलोमीटर रस्ता, दोन्ही बाजूला जंगल, आणि अंधार पडला की वाघाच्या भीतीने गावकरीच बाहेर पडत नाहीत. मूल, सिंदेवाही, सावली, ब्रह्मपुरीकडच्या पोरांना हे सांगायची गरज नाही. म्हणजे घरून कोणीतरी टू-व्हीलर घेऊन फाट्यावर उभं राहायला हवं. तो वेळ, ते पेट्रोल, ती काळजी हेही तुमच्या पगारातूनच जातं, फक्त ते स्लिपवर दिसत नाही.

कायदा काय म्हणतो? दुकानं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते आणि तिच्या वाहतुकीची सोय करावी लागते. चांगला नियम आहे. पण मोठ्या शहराचं घड्याळ डोळ्यापुढे ठेवून केलेला वाटतो. तुमच्या गावची शेवटची बस संध्याकाळी साडेसहाची असेल तर साडेसहा ते साडेनऊ हे तीन तास कायद्याच्या हिशेबात सुरक्षित आणि तुमच्या हिशेबात अशक्य. सुट्टीच्या वेळेला "जरा थांब, एवढं करून जा" म्हणणाऱ्या मालकाला हे इंटरव्ह्यूतच सांगावं लागेल. प्रवास म्हणजे कामाचाच भाग, हे न्यायालयांनाही पटू लागलंय. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये साखर कारखान्यावर कामाला निघालेल्या एका वॉचमनच्या अपघाती मृत्यूच्या प्रकरणात सांगितलं की, कामाशी संबंध जुळत असेल तर वाटेतला अपघातही नोकरीतला अपघात मानता येतो.

अपडाऊनची दुसरी बाजूही आपल्याला चांगली माहीत आहे, कारण आपण ती भोगली आहे. गाडीची वेळ झाली म्हणून तास लवकर संपवणारे सर, संध्याकाळनंतर कुलूप लागलेलं दवाखान्याचं क्वार्टर, शुक्रवारी दुपारीच ओस पडलेलं ऑफिस. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता मिळतो. म्हणजे सरकार इथे राहून काम करण्यासाठी जास्त पैसे देतं, आणि अनेकजण ते पैसे घेऊन ब्रह्मपुरी, चंद्रपूर किंवा नागपूरहून येणं-जाणं करतात. त्यांचीही कारणं आहेत. क्वार्टर पडकं, मुलांना शाळा नाही, नेटवर्क नाही. पण उद्या आपण शिक्षक, नर्स, तलाठी झालो तर याच यादीत आपलं नाव येणार. तेव्हा प्रवासाचे तास फक्त आपल्या अंगावर पडत नाहीत. वर्गातल्या पोरांच्या आणि दारात थांबलेल्या पेशंटच्याही अंगावर पडतात. हेही हिशेबात धरायला हवं.

तर 'हो' म्हणण्याआधी चार गोष्टी करा. एक, कामाच्या वेळेत खरोखर जाऊन-येऊन बघा, तेही पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी. दोन, पासची चौकशी करा. एसटीच्या मासिक पासमध्ये २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस प्रवास होतो. रेल्वेचा मासिक पास स्वस्त पडतो, पण तो साधारण १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो. रेल्वेने चंद्रपूर-नागपूर सुमारे २०० किलोमीटर आहे, तेव्हा 'नागपूरला अपडाऊन करीन' हा बेत तिथेच अडतो. तीन, दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली तर काय खर्च येईल तो आकडा शेजारी लिहा. आठवड्याला एकदा घरी येणं कधी कधी रोजच्या चार तासांपेक्षा स्वस्त पडतं. चार, तारीख ठरवा. वर्षभर किंवा फार तर दीड वर्ष. त्या तारखेला पगार वाढला नसेल, काम बदललं नसेल, तर बाहेर पडायचं. तारीख नसलेलं अपडाऊन कधी दहा वर्षांचं होतं ते कळत नाही.

शेवटचा मुद्दा एकट्याने सुटणारा नाही. कॉलेजच्या वेळेवर बस नसली की आपण निवेदन घेऊन आगारात जातो, रस्त्यावर बसतो, आणि बरेचदा बस मिळवतोही. पदवी हातात आली की आपण गप्प होतो. कामावरून परतणाऱ्यांसाठी सातची बस हवी, म्हणून किती निवेदनं गेली? एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला एसटी पोहोचली ती १ जानेवारी २०२५ ला. तिथल्या पोरांचा पगाराचा हिशेब आत्ता कुठे सुरू होतोय. बाकीच्यांनी आपापल्या आगारात जाऊन शेवटच्या गाडीची वेळ बदलून मागायला हरकत नाही. ती तासभर पुढे गेली तर गावातल्या किती मुली कोणती कामं घेऊ शकतील, याची यादी सोबत न्या. निवेदनाला वजन येईल.